त्रेचाळीस जणांचा डाव

सलग चौथा डाव हरल्यावर ईश्वरी मगदूमने हातातली पानं टेबलावर पालथी टाकली आणि समोर बसलेल्या सानियाला म्हणाली, "माझ्या डेकमध्येच काहीतरी खोट आहे. घाल बाई याला तुझ्या त्या चाळणीत एकदा."

"सहा महिने तेच सांगतेय," सानिया म्हणाली. "पण तुझ्या पानांना कुणी हात लावलेला तुला खपत नाही."

सांगलीला विश्रामबागेत एका पुस्तकांच्या दुकानाच्या वर लांबट हॉल होता. २०४३ सालच्या त्या उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी तिथे पंधरा-वीस माणसं 'रक्तवंश' खेळायला जमत. व्हॅम्पायरांचा हा पत्त्यांचा खेळ तेव्हा गावोगाव रुजला होता. पानं विकत घ्यायची, एकमेकांत अदलाबदल करायची, आणि त्यांतून आपल्या पसंतीच्या साठ पानांचा डेक बांधायचा. ईश्वरीचे वडील त्याला 'कॅट' म्हणत आणि विचारत, "यात बदाम-किलवर काहीच कसं नाही?"

खेळ तसा सोपा. प्रत्येक खेळाडूच्या हाताखाली व्हॅम्पायरांचं एक घराणं. घराण्यातल्या प्रत्येकाला दर फेरीला रक्त पाजावं लागतं. रक्ताची पानं पाच कुळांची. स्वतःच्या कुळाचं रक्त कधीच बाधत नाही. ते संपलं तर परक्या कुळाचं पाजता येतं, पण मग त्या कुळाशी 'वैर' लागण्याची भीती. एकदा वैर लागलं की त्या कुळाचं रक्त त्या व्हॅम्पायरला कायमचं विष. आणि पानांच्या गठ्ठ्यात कुठेतरी तीन 'पहाटा' दडलेल्या असतात. तिसरी पहाट उगवली की डाव संपला. तोवर ज्याचं घराणं जास्त तगलं, तो जिंकला.

मगदूम जैन. त्यांच्या स्वयंपाकघरात कांदा-लसणाला कधी प्रवेश नव्हता. "म्हणूनच तुमच्याकडे व्हॅम्पायर इतके सुखात नांदतात," असं सानिया म्हणायची आणि ईश्वरीचे वडील, सुकुमार मगदूम सर, हसू दाबत वर्तमानपत्रात तोंड घालायचे.

ईश्वरीला हा खेळ का आवडतो, हे ती कुणापासून लपवत नसे. "मी खरीखुरी व्हॅम्पायर आहे," ती नव्या खेळाडूंना सांगायची. "दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या लागतात मला." समोरचा आधी हसायचा, मग गप्प व्हायचा. तिला थॅलेसेमिया होता. रक्तातल्या तांबड्या पेशी धड बनतच नाहीत, अशी जन्माची खोट. आई आणि वडील दोघांमध्येही ही खोट अर्धी-अर्धी लपलेली होती, आणि मुलीत ती पूर्ण झाली. सहाव्या महिन्यापासून ती दुसऱ्यांच्या रक्तावर जगत होती. आता एकोणतीस वर्षांची होती, मार्केट यार्डातल्या हळद तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. आई पाच वर्षांपूर्वी गेली. घरात ती आणि अण्णा, दोघंच.

सानिया सतारमेकर मिरजेची. घरात पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्यं बनवण्याचा धंदा, पण ही कृष्णेच्या पुराचा अंदाज बांधणाऱ्या एका कंपनीत आज्ञावली लिहायची. त्याच कामाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून तिने 'चाळण' जोडली होती.

पुढच्या रविवारी ती लॅपटॉप घेऊनच आली.

"ही काय करते, नीट सांग," ईश्वरी म्हणाली.

"तू हळदीचं पोतं कसं तपासतेस? सगळं ओतून एकेक कांडी बघतेस का?"

"नाही. नळी खुपसून चार ठिकाणचा नमुना काढते."

"तसंच. तुझा डेक किती प्रकारे पिसला जाईल याला अंत नाही. सगळे डाव कुणालाच खेळता येणार नाहीत. म्हणून चाळण नमुन्याचे डाव खेळते, पण ते सहा लाख खेळते. प्रत्येक वळणावर हे पान टाकलं तर पुढे काय, ते टाकलं तर काय, असं शेवटपर्यंत जाऊन बघते. समोरचा खेळाडूही तीच, आणि तोही शिकत जातो. शेवटी हरलेल्या डावांचा माग काढत मागे येते आणि सांगते, डाव खरा कुठे गेला."

"आणि माझा कुठे जातो?"

सानियाने पडदा तिच्याकडे वळवला. "हरलेल्या शंभर डावांतले एकाहत्तर तिसऱ्या-चौथ्या फेरीतच जातात. तुला ते दहाव्या फेरीत कळतं. सुरुवातीला किरकोळ कामासाठी तू आपल्याच कुळाचं रक्त उधळतेस. हाताशी असतं म्हणून. मग दुसऱ्या पहाटेनंतर ते उरत नाही, परकं पाजावं लागतं, वैरं लागत जातात आणि घराणं उपाशी मरतं."

"मग सुरुवातीला परकं पाजायचं?"

"ज्याला चालतं त्याला, जेव्हा चालतं तेव्हा. आणि ही अंबराराणी काढून टाक."

अंबराराणी म्हणजे ईश्वरीचं सगळ्यांत लाडकं पान. सातशे वर्षांची व्हॅम्पायर, काळ्या पैठणीतली, डोळ्यांत मिश्कील भाव. तीन वर्षांपूर्वी ते मिळवण्यासाठी तिने एकवीस पानं दिली होती.

"ती नाही निघणार."

"ती एका फेरीला दुप्पट रक्त पिते. तिच्यासकट चार मोठी पानं काढ आणि चार 'ओसऱ्या' घाल." ओसरी हे अगदी साधं पान होतं. आज नको असलेलं रक्त पुढच्या फेऱ्यांसाठी त्यात बाजूला ठेवता यायचं. नव्या खेळाडूंच्या हाताला ते नेहमी लागायचं आणि ते टाकून द्यायचे.

"किती रटाळ डेक होईल तो!"

"रटाळ होईल, पण जिंकेल." सानियाने लॅपटॉप मिटला. "ईशू, रागावू नकोस. तू असं खेळतेस, जणू पुढची फेरी यायचीच नाहीये."

ईश्वरीने पान हातात फिरवलं. तिच्या जन्माच्या वेळी डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, विशीपर्यंत धरून चाला. विशी आली, गेली. त्यानंतरचं प्रत्येक वर्ष घरात सणासारखं साजरं झालं, पण त्याच्या पुढच्या वर्षाबद्दल कुणी बोलत नसे.

"यायची सवयच नाही मला पुढच्या फेरीची," ती म्हणाली. पण राणी तिने काढली.

महिनाभर ती नवा डेक खेळत राहिली. पहिले आठ दिवस हात शिवशिवायचे. चांगलं रक्त दिसलं की कधी टाकते असं व्हायचं. हळूहळू तिला थांबायची गोडी लागली. ओसरीवर तीन-चार पानं साठवून शांत बसायचं आणि समोरच्याची घाई बघायची, यात एक वेगळाच आनंद होता. जूनच्या सुरुवातीला कोल्हापूरला विभागीय स्पर्धा झाली. शहाण्णव खेळाडूंत ईश्वरीचा दुसरा नंबर आला. अंतिम डाव एका व्हॅम्पायरने गेला. अण्णांनी पेढे आणले आणि शेजाऱ्यांना वाटताना खेळाचं नाव न सांगता फक्त "बौद्धिक स्पर्धा" म्हणाले.

दोनच दिवसांनी तिला ताप भरला.

सकाळी लघवीचा रंग काळ्या चहासारखा दिसला. डोळे पिवळे. स्पर्धेच्या सहा दिवस आधी तिला रक्त चढवलं होतं. अण्णांनी रिक्षा बोलावली आणि तासाभरात ती मिरजेच्या रक्तकेंद्राला लागून असलेल्या वॉर्डात होती. केंद्राच्या प्रमुख डॉक्टर नंदिनी कोरे तिला दहाव्या वर्षापासून ओळखत. त्या स्वतः अहवाल घेऊन आल्या, खुर्ची ओढून बसल्या. कोरे मॅडम खुर्ची ओढून बसल्या की बातमी वाईट असते, हे ईश्वरीला माहीत होतं.

"तिसरं लागलं," त्या म्हणाल्या.

ए, बी, ओ हे रक्तगट सगळ्यांना ठाऊक असतात. पण तांबड्या पेशीच्या अंगावर त्याशिवायही कितीतरी खुणा असतात. साध्या माणसाला आयुष्यात एकदा-दोनदा रक्त लागतं, त्याला या खुणांशी देणंघेणं नसतं. ज्याला शेकडो पिशव्या चढतात, त्याचं शरीर मात्र एखाद दिवशी एखाद्या अनोळखी खुणेवर बिथरतं आणि तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्य बनवतं. मग ती खूण असलेलं रक्त चढवलं की शरीर त्या पेशी फोडून टाकतं. दार एकदा बंद झालं की पुन्हा उघडत नाही. ईश्वरीची दोन दारं आधीच बंद होती.

"म्हणजे तिसरं वैर," ईश्वरी म्हणाली.

"काय?"

"काही नाही. आता कोण उरलं मला?"

दहाएक वर्षांत रक्ताच्या खुणा वाचणाऱ्या चाचण्या इतक्या स्वस्त झाल्या होत्या की केंद्राच्या चार हजार नेहमीच्या रक्तदात्यांचा पुरा नकाशा संगणकात होता. "पूर्ण जुळणारे नऊ," कोरे मॅडम म्हणाल्या. "ते सगळे तुझ्या अण्णांनीच आणलेले. त्यानंतर जवळपास जुळणारे वीसेक. चौथं लागलं, तर मात्र..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

अण्णा खिडकीशी उभे होते. तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. "नऊ जण. वर्षातून चारदा. छत्तीस पिशव्या," ते म्हणाले. "हिला लागतात चौतीस-पस्तीस. बसतंय."

"बसत नाही, सर. कुणी आजारी पडतं, कुणी गावाला जातं. आणि त्यांच्या पिशव्या फक्त हिलाच जातात असं नाही. जी पिशवी आधी जुनी होते ती आधी निघते. बेचाळीस दिवसांत वापरावी लागते. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला शिबिरं भरतात, तेव्हा आमच्याकडे रक्ताचा महापूर येतो आणि मे महिन्यात दुष्काळ."

ईश्वरी उशीवर जराशी उठून बसली. "मॅडम, म्हणजे मला लागणारी दुर्मीळ पिशवी कधीकधी अशा माणसाला जाते, ज्याला कुठलीही चालली असती?"

"जाते. त्या दिवशी शेल्फवर तीच जुनी असते म्हणून."

"हुकमाचं पान किरकोळ हातावर," ईश्वरी म्हणाली. आणि मग अगदी हळू, "मी तेच करत होते."

दुपारी सानिया डबा घेऊन आली. ईश्वरीने तिला बसूही दिलं नाही. "चाळणीत पानांऐवजी माणसं घालता येतील का?"

सानिया बघतच राहिली. "येतील," ती सावकाश म्हणाली. "दाता म्हणजे पान. नव्वद दिवसांनी पुन्हा हातात येणारं. पिशवी बेचाळीस दिवसांत मरते. वैराचा नियम तर आयताच लिहिलेला आहे."

"आणि ओसरी?"

"तिचं काय?"

"गोठवलेलं रक्त वर्षानुवर्षं टिकतं. मॅडमकडे तसला फ्रीझर आहे. अपघातासाठी म्हणून ठेवलाय, निम्मा रिकामा असतो."

कोरे मॅडमनी रुग्णालयाच्या समितीची परवानगी काढली. नावं मिळाली नाहीत, नुसते क्रमांक मिळाले. चार हजार दाते, आणि कायम रक्तावर जगणारे त्रेचाळीस रुग्ण. ईश्वरीचा क्रमांक आठ. हे सगळं व्हायला तीन आठवडे लागले. तोवर ती घरी आली होती आणि पायांत थोडं बळ आलं होतं.

निकाल आला तो मगदूमांच्या घरात, सकाळी साडेदहाला. सानियाने लॅपटॉप चहाच्या कपांमध्ये जागा करून ठेवला. अण्णा चष्मा लावून पुढे सरकले.

"पाच वर्षं चौथं प्रतिद्रव्य न लागता निघून जाण्याची शक्यता. आत्ता जे चाललंय तसंच चालू राहिलं तर शंभरात चोपन्न," सानिया म्हणाली. "नऊ दाते फक्त ईश्वरीसाठी राखून ठेवले, त्यांना ठरलेल्या दिवशी बोलावलं, शिबिरांच्या दिवसांत थोडं गोठवून ठेवलं, तर एक्याण्णव."

"एक्याण्णव," अण्णांनी तो आकडा हळूच उच्चारला. त्यांनी चष्मा काढून पुसला. "झालं तर मग. मी आजच सगळ्यांना फोन करतो. माझ्या शब्दावर येतात ते. ठरावीक रुग्णासाठी म्हणून रक्त देता येतं, त्याला कायद्याची आडकाठी नाही."

ईश्वरी पडद्याकडे बघत होती. रक्तवंश खेळताना चाळण नेहमी दोन आकडे दाखवायची, एक आपला, एक समोरच्याचा. इथे खाली आणखी बेचाळीस ओळी होत्या. बहुतेकांत एक-दोन अंकांचा फरक होता. एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हा सतरा नंबर. आत्ता एकोणपन्नास. आणि माझ्या योजनेत..."

"बावीस," सानिया म्हणाली. "तिची बंद दारं जवळपास तुझ्यासारखीच आहेत. तुझ्या नऊतले चार तिलाही चालतात."

"ती?"

"स्त्री, वय चौतीस. एवढंच कळतं."

मग ईश्वरी म्हणाली, "सानिया, तू चाळणीला काय सांगितलंस? मला जिंकव म्हणून?"

"तूच म्हणालीस, माझा डेक घाल म्हणून."

"मग ते बदल. समोर कुणी नाहीच, असं सांग. त्रेचाळीस जणांचं एकच घराणं. जास्तीत जास्त जण पहाटेपर्यंत तगले पाहिजेत, बस."

हा डाव मोठा होता, चाळणीला दोन दिवस लागले. एकत्र खेळताच काही गोष्टी आपोआप सुटल्या. ज्यांना साधं रक्त चालत होतं, त्यांना साधंच जाऊ लागलं. तेवढ्यानेच कितीतरी दुर्मीळ पिशव्या मोकळ्या झाल्या. त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस जणांचे आकडे वर गेले. सतरा नंबर अठ्ठ्याहत्तरवर आली. ईश्वरी त्र्याऐंशीवर.

"आधीच्या चोपन्नपेक्षा केवढं तरी जास्त," ईश्वरी म्हणाली.

"आणि एक्याण्णवपेक्षा आठ कमी," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आठ टक्क्यांत तिचे छप्पन्न येतात."

"मला हिशेब शिकवू नकोस." सरांचा आवाज चढला, तसा तो शाळेतही क्वचितच चढायचा. "तीस वर्षं संभाव्यता शिकवली मी. फळ्यावर लिहून दाखवायचो, नाणं उडवलं तर काय, फासा टाकला तर काय. घरात तू, आणि वर्गात मी नाणी उडवत होतो. त्या आठांत तू असलीस तर? तेव्हा मला शंभर टक्के जातं ते!"

"आणि बावीसमध्ये ती नसली तर तिच्या अण्णांचं काय जातं?"

"मी तिला ओळखत नाही!"

"तुम्ही त्या नऊ जणांना तरी कुठे ओळखत होता?" ईश्वरी म्हणाली. "कुणाच्या लग्नात गाठलंत, कुणाला बसमध्ये. ते मला ओळखत नव्हते. तरी आलेच की."

अण्णा उठून आत गेले. चार दिवस ते जेवणापुरतेच बोलले. पानात भाजी वाढायचे, औषधाच्या गोळ्या वाटीत काढून ठेवायचे, पण नजर द्यायचे नाहीत. ईश्वरीला वाईट वाटत होतं. त्यांनी तिच्यासाठी उन्हातान्हात केलेल्या खेपा तिला आठवत होत्या. पाचव्या दिवशी तिने आपल्या संमतीपत्रावर सही केली आणि ते त्यांच्या टेबलावर ठेवलं. नऊ दात्यांना सोडायचं की नाही, हे मात्र त्यांच्याच हातात होतं. ते तिच्यासाठी नव्हे, सरांसाठी येत.

कोरे मॅडमनी सगळ्या रुग्णांची बैठक बोलावली. शनिवारी सकाळी केंद्राच्या सभागृहात छत्तीस जण आले, बाकीचे पडद्यावर. कुणी आईवडिलांबरोबर, कुणी एकटे. अण्णा आले, पण मागच्या रांगेत बसले. प्रत्येकाला आपापला क्रमांक आधीच कळवलेला होता. मॅडमनी साध्या भाषेत सगळं सांगितलं. दोन्ही योजनांबद्दलही सांगितलं, नावं न घेता. "आठ नंबरच्या रुग्णाने एकत्र योजनेला होकार दिला आहे. सतरा नंबरला फायदा सर्वांत जास्त. पण त्यातले नऊ दाते एका कुटुंबाच्या शब्दावर येतात. त्यांची मर्जी नसेल तर आपण जबरदस्ती करणार नाही."

मधल्या रांगेतून एक ठेंगणी, सावळी बाई उभी राहिली. हातात कापडी पिशवी.

"सतरा नंबर म्हंजे मीच की," ती म्हणाली. "दीपाली कुंभार, कुरुंदवाडची. पेढ्याचं दुकान हाय आमचं." सभागृहात कुजबुज झाली. मॅडम तिला थांबवायला पुढे झाल्या, पण ती थांबायची नव्हती. "आता नाव लपवून काय करायचंय मॅडम. आठ नंबर कोन हाय मला ठाव न्हाई. पन त्यांच्या घरच्यांनी मन मारून काय द्यू नये. मला एक पोरगी हाय, तिसरीत. तिच्यावर आसली येळ आली आसती तर मी बी नऊच्या नऊ मानसं दाबून धरली आसती. कुनाला सोडली नसती. म्हनून म्हंते, राग न्हाई माझा. जे भागंल त्यात भागवीन."

ती बसली.

ईश्वरी वळून मागे बघायचं धाडस करत नव्हती. मग तिला खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तो ओळखीचा, फळ्यासमोरचा आवाज.

"मॅडम, त्या नऊ जणांना काय सांगायचं ते मला लिहून द्या," अण्णा म्हणाले. "फोनवर मला नीट सांगता येणार नाही. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगेन." आणि मग दीपालीकडे बघत, "बाई, पोरीचं नाव काय?"

"अनुश्री."

"गणित कसंय तिचं?"

"कच्चंच हाय हो."

"आणा एकदा," अण्णा म्हणाले आणि खाली बसले.

योजना ऑगस्टमध्ये सुरू झाली. पहिले दोन महिने गोंधळाचे गेले. एकदा फ्रीझर बंद पडला, एकदा दात्याला बोलावण्याची तारीखच चुकली. सानिया दर गुरुवारी केंद्रात येऊन चाळणीला नवी माहिती पाजायची. नऊपैकी दोघांनी सुरुवातीला कुरकुर केली. एक जण म्हणाला, मी सरांच्या लेकीसाठी देतो, दुसऱ्या कुणासाठी नाही. अण्णा त्याच्याकडे तीनदा गेले. तिसऱ्या भेटीनंतर तो बायकोलाही घेऊन केंद्रात आला, आणि तिच्या रक्ताच्या खुणा वाचल्यावर ती दहावी जुळणारी निघाली. पुढे बेळगाव आणि कोल्हापूरच्या केंद्रांनीही आपले नकाशे जोडले. दुसऱ्या वर्षी एकूण रुग्ण एकशे साठच्या वर गेले. मे महिन्यात पहिल्यांदाच एकाही जणाला "उद्या या" म्हणून परत पाठवावं लागलं नाही.

त्या दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये मात्र एक अवघड आठवडा आला. दीपालीला डेंग्यू झाला, तिचं रक्त झपाट्याने उतरलं. मंगळवारी ईश्वरीसाठी ठरलेल्या दोन्ही पिशव्या तिला द्यायच्या, असं चाळणीने सुचवलं आणि कोरे मॅडमनी तसं ठरवलं. ईश्वरीची पुढची जोडी रविवारी येणार होती. पाच दिवस. तिचं हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठवर होतं. जिना चढताना ती दोनदा थांबायची, कानांत धडधड ऐकू यायची. प्रयोगशाळेतून तिने रजा घेतली.

"थांबता येईल ना तुला?" मॅडमनी फोनवर विचारलं.

"येईल," ती म्हणाली. ओठ कोरडे पडले होते. पण घाई करावी असं तिला आतून वाटलं नाही, आणि त्याचं तिलाच नवल वाटलं.

अण्णांना तिने जेवताना सांगितलं. त्यांनी घास तसाच हातात धरला, मग ठेवला. मंगळवारी सकाळी आठला ते सदरा घालून, छत्री घेऊन बाहेर पडले. कुठे जातो ते सांगितलं नाही. केंद्रात जाऊन भांडतील, ईश्वरीला वाटलं. तिने दोनदा फोन लावला, उचलला गेला नाही. तिसऱ्यांदा सानियाला लावला. त्या अवघड आठवड्यात ती रोजच केंद्रात जात होती. "काका इकडेच आहेत," सानिया म्हणाली. "पण आवाज चढलेला नाही. काळजी करू नकोस."

दोन वाजता अण्णा परतले. पायांवर पाणी घेतलं, पंख्याखाली बसले आणि टॉवेलने मान पुसत राहिले.

"अण्णा, काय बोललात तुम्ही तिथे?"

"बोलायचंय काय? दोन्ही पिशव्या नीट चढल्या. साडेचार तास लागले. ताप वाढला नाही, पुरळ नाही."

"तुम्ही दीपालीताईंपाशी बसला होता?"

"नवऱ्याला दुकान सोडून येता येईना, सोबत कुणी नव्हतं तिला." अण्णांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "मध्येच झोप लागली बिचारीला. सुई हलू नये म्हणून हात धरून बसावं लागलं. आता रविवारी ती येते म्हणालीय, तुझ्यापाशी बसायला. मी म्हटलं, ये. पण पोरीला घेऊन ये, भागाकार राहिलाय तिचा."